अहवाल ठीक, श्वास मात्र अपुरा

स्थूलतेच्या दुष्परिणामांची चर्चा सुरू झाली की मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्यांची झीज ही नावे ओळीने पुढे येतात. फुप्फुसांचा उल्लेख झालाच तर अखेरीस होतो आणि तोही घोरण्यापुरता. वास्तविक वाढत्या वजनाचा स्वतः त्या माणसाला आधी जाणवणारा परिणाम पुष्कळदा श्वासावरच झालेला असतो. रक्तातली साखर वाढल्याचे तपासणीशिवाय कळत नाही, रक्तदाब वर्षानुवर्षे मुकाट राहू शकतो. जिना चढताना लागणारी धाप मात्र रोज भेटते, आणि रोज भेटते म्हणूनच ‘वजन वाढले की दम लागणारच’ एवढ्या एका वाक्यात ती निकालात निघते. हे वाक्य खोटे नाही, पण ते निदानही नाही. जास्त वजनाच्या माणसाला लागणारा दम ही मोजता येण्याजोगी आणि बऱ्याच अंशी कमी करता येण्याजोगी तक्रार आहे. साखर आणि रक्तदाब जितक्या नियमाने तपासले जातात तितक्याच नियमाने तिची चौकशी झाली पाहिजे. ती न करता ‘आधी वजन उतरवा’ असे सांगून रुग्णाला परत पाठवणे जितके चूक, तितकेच ती न करता त्याच्या हातात इन्हेलर देणेही चूक आहे, असे माझे मत आहे.

यासाठी श्वासाची यांत्रिक बाजू थोडी सविस्तर पाहावी लागेल. आपण सहजपणे श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसे रिकामी होत नाहीत. फुप्फुसांचा कल आक्रसण्याकडे असतो, तर छातीच्या पिंजऱ्याचा कल बाहेर फाकण्याकडे. या दोन ओढी जिथे एकमेकींना तोलून धरतात तिथे उच्छ्वास थांबतो, आणि त्या क्षणी प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत दोन-तीन लिटर हवा शिल्लक असते. या शिल्लक हवेमुळे वायुकोश उघडे राहतात, बारीक श्वासनलिका मिटत नाहीत आणि दोन श्वासांच्या मधल्या अवधीतही रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो. पोटात साठलेली चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, खालून वर रेटते, छातीवरची चरबी बरगड्यांना दाबून धरते, आणि हा तोल खालच्या पातळीवर जाऊन स्थिरावतो. शिल्लक हवा कमी होते. सहज उच्छ्वासानंतर जोर लावून आणखी जी हवा बाहेर टाकता येते, ती राखीव हवा तर त्याहून झपाट्याने घटते.

ही घट किती असते, याचे उत्तर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. श्वासनलिकांत अडथळा नसलेल्या ३७३ जणांच्या मोजण्या त्यात तपासल्या होत्या. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक) ३० होता त्यांच्यातील शिल्लक हवा बीएमआय २० असलेल्यांच्या तुलनेत ७५ टक्के, आणि राखीव हवा अवघी ४७ टक्के भरली. माझ्या दृष्टीने या अभ्यासातील अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की घटीचा वेग अतिस्थूल अवस्थेत नव्हे, तर वजन जरासे वाढलेल्या आणि सौम्य स्थूलतेच्या टप्प्यात सर्वांत जास्त होता. म्हणजे ‘अजून तेवढे काही वाढलेले नाही’ असे ज्या काळात माणूस स्वतःला सांगत असतो, त्याच काळात त्याची श्वासाची राखीव गंगाजळी अर्ध्यावर येत असते. पूर्ण श्वास भरल्यावर मावणारी एकूण हवा मात्र अतिस्थूल व्यक्तींतही सरासरीने सामान्य मर्यादेतच राहिली होती. पुढचा सगळा गैरसमज या दुसऱ्या आकड्यातून जन्मतो.

शिल्लक हवा कमी झाल्याचे परिणाम एकातून एक निघत जातात. फुप्फुसांच्या तळाकडील बारीक श्वासनलिका प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी मिटू लागतात. रक्ताचा पुरवठा तर तळाकडेच जास्त असतो. त्यामुळे जिथे रक्त पोहोचते तिथे हवा नीट पोहोचत नाही आणि रक्तातील ऑक्सिजन किंचित उतरतो. आडवे झाल्यावर पोटाचा भार श्वासपटलावर अधिक पडतो आणि हेच सारे तीव्र होते. शिवाय फुगा फुगवताना पहिल्या काही फुंकरींना जसा जास्त जोर लागतो, तसे कमी हवा असलेले फुप्फुस प्रत्येक श्वासाला उघडताना स्नायूंना जास्त काम करावे लागते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शस्त्रक्रियेला आलेल्या अतिस्थूल रुग्णांचा ऑक्सिजनचा वापर आधी ते स्वतः श्वास घेत असताना आणि नंतर यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत असताना मोजला होता. यंत्राने श्वासाचे काम अंगावर घेताच त्यांचा वापर १६ टक्क्यांनी उतरला. सामान्य वजनाच्या रुग्णांत ही घट १ टक्क्याहूनही कमी होती. हे रुग्ण स्वस्थ पडून होते. स्वस्थ पडलेले असतानाच शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सहावा हिस्सा केवळ श्वास घेण्यावर खर्च होत असेल, तर अशा माणसाला चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते याला आळस म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग तपासणीत हे दिसत का नाही? १८४६ साली इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर केलेली मोजणी प्रसिद्ध केली आणि स्पायरोमीटर हे उपकरण वैद्यकात रुजू लागले. आजही फुप्फुसांची पहिली चाचणी तीच असते: पूर्ण श्वास भरायचा, जोराने नळीत फुंकायचा, आणि एकूण किती हवा बाहेर आली, त्यातली पहिल्या सेकंदात किती आली, हे पाहायचे. दमा किंवा धूम्रपानाने जडलेल्या श्वसनविकारात या दोन आकड्यांचे गुणोत्तर घसरते. स्थूलतेत दोन्ही आकडे थोडेथोडे आणि बरोबरीने उतरतात, त्यामुळे गुणोत्तर जसेच्या तसे राहते आणि अहवालावर ‘सामान्य’ असा शिक्का बसतो. ज्या शिल्लक हवेवर पहिला घाला पडतो ती साध्या स्पायरोमेट्रीने मोजताच येत नाही, कारण तिच्यातला काही भाग कितीही जोराने फुंकले तरी शेवटपर्यंत फुप्फुसातच राहतो आणि नळीपर्यंत येत नाही. ती मोजायला रुग्णाला बंद कक्षात बसवून करायची किंवा ठरावीक वायू हुंगवून करायची वेगळी चाचणी लागते, आणि ती फार थोड्या ठिकाणी होते.

यात आणखी एक मेख आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या २०१२ च्या प्रमाण-सूत्रांत अपेक्षित आकडा वय, उंची, लिंग आणि वांशिक गट यांवरून काढला जातो. वजन त्यात धरलेले नाही. ते धरू नये, हेच मला योग्य वाटते, कारण अपेक्षित आकडा हा निरोगी फुप्फुसाचा असायला हवा. वजन त्यात मिसळले तर वजनाने झालेली घटच ‘अपेक्षित’ ठरून झाकली जाईल. पण सूत्रात वजन नाही म्हणून वाचणाऱ्याच्या मनातही ते नसावे, असे होत नाही. अहवाल वाचणाऱ्याने रुग्णाचा कमरेचा घेर विचारलाच नाही, तर बरोबर काढलेल्या आकड्यांतूनही चुकीचा निष्कर्ष निघतो.

घेराचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. बीएमआयला चरबी कुठे साठली आहे हे कळत नाही, आणि श्वासाच्या दृष्टीने तोच प्रश्न निर्णायक असतो. मांड्या-नितंबांवरची चरबी श्वासपटलाच्या वाटेत येत नाही, पोटातली येते. सारख्याच बीएमआयच्या दोघांत ज्याचे पोट सुटले आहे त्याची फुप्फुसक्षमता सहसा कमी भरते. आशियाई लोकसंख्यांमध्ये कमी बीएमआयलाही शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्येच नोंदवले आणि २३ या आकड्यापासूनच सावध होण्याची सूचना केली. तेव्हा वजनकाट्यावर नजर ठेवून मोजपट्टी बाजूला ठेवणे हे श्वासाच्या बाबतीत तरी अपुरेच आहे.

आता इन्हेलरकडे वळू. दम लागतो, छातीत घरघर वाटते, आणि वजन जास्त आहे. अशा रुग्णाला चाचणीविना दम्याचे औषध सुरू होणे ही नित्याची गोष्ट आहे. कॅनडातील एका मोठ्या पाहणीत, जी केवळ स्थूल रुग्णांपुरती मर्यादित नव्हती, डॉक्टरांनी दम्याचे निदान केलेल्या प्रौढांची पुन्हा काटेकोर तपासणी केली तेव्हा साधारण एक तृतीयांश जणांना त्या वेळी दमा असल्याचे आढळले नाही. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यातील अनेकांचे पहिले निदान फुंकण्याची चाचणी न करताच झाले होते. ज्याला दमा नाही त्याला दम्याचे औषध देत राहिल्याने पैसा आणि काळ तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे धापेचे खरे कारण शोधण्याची प्रक्रियाच तिथे थांबते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती सांगितली नाही तर मी वाचकावर अन्याय करीन. स्थूलता आणि दमा यांचे नाते काल्पनिक नाही. स्थूल व्यक्तींत दम्याचा धोका निश्चितपणे जास्त असतो. विशेषतः मध्यम वयात, ॲलर्जीची पार्श्वभूमी नसताना सुरू होणारा आणि स्टिरॉइडच्या इन्हेलरला नीट दाद न देणारा दम्याचा एक प्रकार आता ओळखला गेला आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी २०१९ साली ५२ मृत व्यक्तींच्या फुप्फुसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात श्वासनलिकांच्या भिंतीतच चरबीचा थर सापडला. बीएमआय जितका जास्त तितका हा थर जाड होता, आणि त्यासोबत भिंतीची जाडी व दाहाच्या पेशीही वाढलेल्या होत्या. म्हणजे वजनाचा परिणाम बाहेरून पडणाऱ्या दाबापुरता उरत नाही, चरबी थेट नलिकेच्या भिंतीत शिरते. तेव्हा दमा आहे की नाही हे अंदाजाने ठरवणे दोन्हीकडून घातक आहे: असलेला दमा ‘वजनाचा परिणाम’ म्हणून सुटून जातो, आणि नसलेल्या दम्यावर वर्षानुवर्षे उपचार होत राहतात.

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जीवघेणा भाग झोपेचा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. मानेभोवतीच्या चरबीने आधीच अरुंद झालेला मार्ग मिटतो, श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि हे रात्रभर चालते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाने २००० साली दाखवले की वजन १० टक्क्यांनी वाढल्यास मध्यम ते तीव्र स्वरूपाचा निद्राश्वसनरोध (स्लीप ॲप्निया) जडण्याची शक्यता सहापट होते, आणि तितकेच वजन घटल्यास श्वास अडण्याचे प्रमाण साधारण चतुर्थांशाने कमी होते. या विकाराची निदान थोडीफार चर्चा तरी आता होते. त्याच्या पलीकडचा टप्पा मात्र अनेक डॉक्टरांच्याही मनात सहसा येत नाही. श्वासाचे वाढलेले काम आणि रात्रीचे अडथळे यांपुढे काही रुग्णांची श्वसनाची प्रेरणाच मंदावते. ते जागेपणीही पुरेसा श्वास घेत नाहीत आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. स्थूलतेसोबत जागेपणी रक्तातील त्याचा दाब ४५ मिलिमीटरच्या वर असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर या अपुऱ्या श्वसनाच्या विकाराचे निदान होते. वैद्यकीय साहित्यात १९५६ पासून याचे नीट वर्णन उपलब्ध आहे. तरीही २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल झालेल्या आणि बीएमआय ३५ च्या वर असलेल्या रुग्णांपैकी ३१ टक्के जणांत हा विकार आढळला, आणि त्यावरचे उपचार घेऊन घरी गेलेले त्यांच्यात फार थोडे होते. दीड वर्षाच्या आत या गटातील २३ टक्के रुग्ण दगावले; तितक्याच स्थूल पण हा विकार नसलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते.

हे आकडे वाचून मला राग येतो, कारण या विकाराची शंका घेण्यासाठी महागडे काही लागत नाही. रक्तातील बायकार्बोनेट हा, कार्बन डायऑक्साइड साठत गेला की वाढणारा आणि साध्या चाचणीत मिळणारा, आकडा २७ किंवा त्याहून जास्त असेल तर पुढे धमनीतील रक्ताची तपासणी करावी, इतके ते सोपे आहे. निदान झाले तर रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारे यंत्र श्वास सावरते. निदान झाले नाही तर अशा रुग्णाला धाप लागल्यावर नुसता भरपूर ऑक्सिजन लावला जातो, ज्याने कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. भूल देताना, शस्त्रक्रियेनंतर, न्यूमोनियात हीच माणसे अचानक का खालावतात याचे उत्तर पुष्कळदा आधीच रिकाम्या झालेल्या राखीव साठ्यात असते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत स्थूलता हा गंभीर आजाराचा धोका म्हणून ठळकपणे पुढे आला आणि २०२० पासूनच्या कोविडमध्ये तो जगाने पुन्हा पाहिला; त्यामागे दाह, रक्ताच्या गुठळ्या अशी इतर कारणेही होती, पण श्वासाची तुटपुंजी शिल्लक हे त्यातील एक होतेच.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: कारण वजन आहे, उपाय वजन उतरवणे आहे, मग मधल्या तपासण्या कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. फिनलंडमध्ये दमा असलेल्या स्थूल रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आहार काटेकोर करून सरासरी १४.५ टक्के वजन उतरवलेल्या गटाची फुप्फुसक्षमता आणि लक्षणे दोन्ही तुलनेच्या गटापेक्षा सुधारली. शस्त्रक्रियेने मोठ्या प्रमाणात वजन उतरलेल्यांत शिल्लक आणि राखीव हवा परत वाढते. यावरून हे नुकसान बव्हंशी भारामुळे होते आणि भार उतरला की ओसरते, हे मान्य करावेच लागेल. पण जागेपणीच्या अपुऱ्या श्वसनाचा विकार बरा व्हायला २५ ते ३० टक्के वजन टिकाऊपणे कमी व्हावे लागते, असे अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. केवळ सल्ल्याने एवढे वजन कितीजणांचे उतरते? आणि ते उतरेपर्यंतच्या महिन्यांत, वर्षांत, रोज रात्री त्या रुग्णाचा श्वास कोणी सांभाळायचा? शिवाय ज्याला चालताना धाप लागते त्याला ‘चाला’ म्हणणे आणि धाप का लागते हे न पाहणे म्हणजे उपायाची वाट आपणच अडवणे होय. झोप मोडलेला माणूस दिवसा थकलेला असतो, थकलेला माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळली की वजन वाढते. या साखळीत श्वासावरचा उपचार हा वजनावरच्या उपचाराचाच भाग ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने वजन घटवणाऱ्या टिर्झेपटाइड या औषधाला स्थूल प्रौढांतील मध्यम ते तीव्र निद्राश्वसनरोधासाठी मान्यता दिली. औषधाची किंमत आणि ते किती काळ घ्यावे लागेल हे प्रश्न गंभीर आहेत, पण श्वास आणि वजन यांचे उपचार वेगळे काढता येत नाहीत, हे या मान्यतेने अधोरेखित केले आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. प्रत्येक जाड माणसाला रुग्ण ठरवून चाचण्यांच्या रांगेत उभे करायचे काय? अजिबात नाही. वजन जास्त असूनही अनेकांचा श्वास उत्तम असतो, आणि ज्याची काही तक्रार नाही त्याला घाबरवण्यात कोणाचेच हित नाही. मी मागतो आहे ते याहून थोडके आहे: दम लागतो, घोरणे येते, दिवसा डुलक्या लागतात किंवा उशा उंच केल्याशिवाय झोप येत नाही असे जो सांगतो, त्याला ‘हे चालायचेच’ असे उत्तर मिळू नये. त्याच्या कमरेचा आणि मानेचा घेर मोजावा, बसून आणि मग आडवे करून बोटावरच्या यंत्राने ऑक्सिजन पाहावा, झोपेविषयीची ठरलेली प्रश्नावली भरून घ्यावी, स्पायरोमेट्री करावी आणि बायकार्बोनेट बघावे. हे सारे प्राथमिक स्तरावरील दवाखान्याच्या आवाक्यातले आहे. हृदयाचा विकार किंवा रक्तक्षयही धापेमागे असू शकतो, तोही यातच डोकावून घेता येतो. महागड्या चाचण्या यातून वेगळ्या निघालेल्या मोजक्यांसाठी राखून ठेवता येतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे आणखी तातडीचे आहे. वाढत्या वयातील स्थूल मुलांची एकूण फुंक कधीकधी अपेक्षेपेक्षा मोठी भरते आणि पालक निर्धास्त होतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अशा काही मुलांत फुप्फुसांची वाढ श्वासनलिकांच्या वाढीपेक्षा पुढे गेलेली असते, त्यामुळे आकारमान मोठे असूनही नलिका त्या मानाने अरुंद राहतात आणि दम्याचा त्रास अधिक तीव्र होतो. एकच आकडा पाहून समाधान मानण्याची सवय इथेही नडते.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहाच्या आयोगाने स्थूलतेची नवी व्याख्या मांडली. केवळ बीएमआयवर विसंबू नये, आणि चरबीमुळे अवयवांचे कार्य बिघडले असेल तर त्याला स्वतंत्र आजार मानावे, असे तिचे सूत्र आहे. प्रौढांसाठी दिलेल्या १८ निकषांत झोपेत अडणारा श्वास आणि चरबीच्या भारामुळे येणारी धाप वा अपुरे श्वसन यांना जागा मिळाली आहे. ही व्याख्या जिथे जिथे स्वीकारली जाईल तिथे विमा कोणाला मिळावा, औषध कोणाला द्यावे, शस्त्रक्रिया कोणाची आधी व्हावी हे निर्णय त्या निकषांवर होतील. ज्या रुग्णाचा श्वास कोणी मोजलेलाच नाही, त्याच्या अहवालात त्या निकषापुढची जागा कोरी राहील आणि उपचाराच्या यादीत त्याचे नाव खाली जाईल. म्हणून स्थूलतेसाठी जे जे सार्वजनिक कार्यक्रम आखले जात आहेत, त्यांच्या तपासणीच्या नमुन्यात साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्यासोबत श्वासाचा रकाना आत्ताच घालावा आणि तो भरण्यासाठी लागणारी साधने व प्रशिक्षण प्राथमिक केंद्रांना द्यावे.